गुटखा हे अन्न आहे काय?

थ्रेड : चघळण्याची तंबाखू, मुंबई शहर आणि न्यायालयांना वर्षानुवर्षे छळणारा एक चमत्कारिक प्रश्न.

सांताक्रूझ पूर्वेला, द्रुतगती महामार्गालगतच्या वाकोल्यात पानाच्या टपरीपुढे दोन मिनिटे थांबावे. सिगारेट उघड विकली जाते. विडी मिळते. साध्या तंबाखूची पुडी आणि चुना मिळतो. हे सारे कायदेशीर. गुटखा, पानमसाला, सुगंधी तंबाखू आणि सुगंधी सुपारी यांच्यावर मात्र महाराष्ट्रात बंदी आहे. म्हणजे तंबाखू साधी असली तर विकता येते. तिला वास लावला की तोच माल गुन्हा ठरतो.

त्याच वस्तीत, चाळीतल्या एखाद्या खोलीत, तव्यावर तंबाखू काळी होईतो भाजली जाते, कुस्करली जाते आणि डबीत भरली जाते. ही मशेरी. ती लावणाऱ्यांत बायका अधिक. घरच्या या तव्यापर्यंत एकही कायदा पोहोचलेला नाही.

एकाच पानाची ही तीन नशिबे कशी झाली, हे समजण्यासाठी बरेच मागे जावे लागते.

तंबाखू हिंदुस्थानात आणली पोर्तुगिजांनी, आणि उत्तरेकडे ती गेली दख्खनमार्गे. विजापूरला वकील म्हणून गेलेला असद बेग सतराव्या शतकाच्या आरंभी तंबाखू आणि रत्नजडित नळी घेऊन अकबराच्या दरबारी परतला. बादशहाने झुरका घेतला, हकिमाने हरकत घेतली आणि दरबारात वाद रंगला. पुढे १६१७ मध्ये जहांगीराने तंबाखूवर बंदी घातली. तिचे काय झाले हे सांगायला नको. इंग्लंडचा राजा पहिला जेम्स १६०४ मध्येच तंबाखूविरुद्ध पुस्तिका लिहून मोकळा झाला होता. तिचीही तीच गत झाली.

पण या दोन्ही कथा धुराच्या आहेत. आपल्याकडे तंबाखूला दुसरे एक घर आधीच तयार होते, ते म्हणजे विडा. पान, सुपारी, चुना, कात हा सरंजाम शतकानुशतके रूढ होता आणि तंबाखू त्यात अलगद शिरली. ज्याच्या चंचीत चुना संपला त्याने अनोळखी माणसाकडे तो मागावा, आणि त्यानेही जात न विचारता द्यावा, असा हा व्यवहार. मुंबईच्या कापडगिरण्यांत तर आगीच्या भीतीने विडी-काडीला मज्जाव असे. गालात धरलेल्या तंबाखूला आग लागत नाही, धूर होत नाही, हात मोकळे राहतात आणि भूक मरते. कामगारांच्या तोंडी ती का रुजली, याचे उत्तर व्यसनाधीनतेच्या प्रवचनांत सापडत नाही. ते पाळीच्या भोंग्यात सापडते.

२८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळला टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले. तेथील प्रयोगशाळांची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे होती. विकृतिशास्त्र हा त्यांचा विषय. परंतु सूक्ष्मदर्शकाखालील पेशी पाहून ते थांबत नसत. हा गाठोडे घेऊन आलेला माणूस कुठला, काय खातो, काय नेसतो, तोंडात काय आणि नेमके कोणत्या बाजूला धरतो, असे प्रश्न ते विचारीत.

१९४४ मध्ये खानोलकरांनी ‘कॅन्सर रिसर्च’ या अमेरिकी नियतकालिकात मुंबईतील तोंडाच्या कर्करोगाच्या सलग १००० रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. पुढच्याच वर्षी त्यांनी आणि डॉ. सूर्याबाई यांनी मिळून चालीरीतींशी निगडित कर्करोगांवर आणखी एक निबंध लिहिला. त्यात ‘धोतराचा कर्करोग’ होता, म्हणजे कमरेला वर्षानुवर्षे घट्ट बांधलेल्या धोतराच्या जागी होणारा त्वचेचा कर्करोग. आणि ‘खैनीचा कर्करोग’ही होता, म्हणजे चुन्यात मळलेली तंबाखू ओठामागे जिथे धरायची तिथेच उगवणारा. रोगाची जागा सवयीने ठरते, ही साधी दिसणारी गोष्ट त्या काळी नवी होती.

१९५५ मध्ये डॉ. संघवी, डॉ. राव आणि खानोलकर यांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये मुंबईच्या रुग्णांची निरोगी माणसांशी तुलना करून तंबाखू ओढणे व चघळणे आणि तोंड-घशाचा कर्करोग यांचा संबंध मांडला. (खानोलकर पुढे १९६० ते १९६३ या काळात मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले. त्या विद्यापीठाचे कलिना संकुल आज वाकोल्याच्या शेजारीच आहे.)

येथे तारखांकडे नीट पाहावे. डॉल आणि हिल यांचा धूम्रपान व फुप्फुसाच्या कर्करोगावरील गाजलेला ब्रिटिश निबंध १९५० चा. खानोलकरांचे हजार रुग्ण त्याआधी सहा वर्षांचे. त्रावणकोरमधील पान-तंबाखू खाणाऱ्यांच्या कर्करोगावरील ऑर यांचा ‘लॅन्सेट’मधील लेख तर १९३३ चा. चघळण्याच्या तंबाखूविषयीचे ज्ञान सिगारेटविषयीच्या ज्ञानाच्या मागे नव्हते; ते पुढे होते आणि त्यातला मोठा भाग याच भूमीवर निर्माण झाला होता.

असे असूनही भारताने तंबाखूविरुद्ध पहिला मोठा राष्ट्रीय कायदा १९७५ मध्ये केला तो सिगारेटपुरता. पाकिटावर इशारा आला. विडीवर नाही, पुडीवर नाही. पाश्चात्त्य देशांत लढाई सिगारेटशी होती आणि दिल्लीच्या कायद्याने तीच लढाई उसनी घेतली. परळच्या प्रयोगशाळेतील ज्ञानाला दिल्लीच्या कायद्यात उमटायला आणखी पंधरा वर्षे लागली : चघळण्याच्या तंबाखूवर वैधानिक इशारा आला तो १९९० मध्ये, आणि तोही तंबाखूच्या कायद्याने नव्हे. तो आला अन्नभेसळ प्रतिबंधक कायद्याखाली. हा तपशील लक्षात ठेवावा. पुढची सारी कथा याच खुंटीला टांगलेली आहे.

मधल्या काळात मुंबईत काम थांबले नव्हते. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, म्हणजे भौतिकशास्त्रज्ञांच्या घरात, दंतसंशोधनाचा एक विभाग होता. डॉ. फली मेहता, डॉ. प्रकाश गुप्ता आणि कोपनहेगनचे डॉ. पिंडबोर्ग यांच्या चमूने महाराष्ट्रातील १,०१,७६१ खेडूतांची तोंडे तपासली आणि १९७२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. एक लाख माणसांना ‘आ’ करायला लावणे हा भाग निबंधात एका वाक्यात उरकतो. गावोगावच्या पारांवर आणि ओट्यांवर तो कसा पार पडला असेल याची कल्पना ज्याने त्याने करावी.

आता जगाकडे एक धावती नजर. १९८४ मध्ये अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्यात शॉन मार्सी नावाचा १९ वर्षांचा धावपटू जिभेच्या कर्करोगाने गेला. तो तोंडात धरायची तपकीर वापरीत असे. १९८६ मध्ये अमेरिकेने धूरविरहित तंबाखूवर इशारे बंधनकारक केले. १९८५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने तोंडात धरायच्या तपकिरीने माणसाला कर्करोग होतो, यास पुरेसा पुरावा असल्याचे जाहीर केले. आयर्लंड, हाँगकाँग यांनी बंदी घातली. १९९२ मध्ये युरोपीय समुदायाने तोच मार्ग धरला. स्वीडन १९९५ मध्ये सामील झाला तेव्हा त्याने आपल्या ‘स्नूस’साठी सूट मिळवली.

या बंद्यांकडे पाहताना एक गोष्ट नजरेतून निसटते. स्वीडन वगळता यांतील बहुतेक देशांत ही सवय रुजलेलीच नव्हती. बाजारात माल शिरण्याआधीच दार लावले गेले. जिथे तोंडे रिकामी होती तिथे बंदी सोपी होती. भारतात तोंडे भरलेली होती.

आणि नेमक्या त्याच दशकात भारतात गुटख्याची पुडी आली. पानमसाला आधीपासून होता; त्यात तंबाखू मिसळून, लहानशा प्लॅस्टिकच्या पुडीत बंद करून तो माळेने टपरीवर लटकू लागला. विड्याला पान लागते, चुना लागतो, मळायला वेळ लागतो, आणि वडीलधाऱ्यांपुढे मळताना थोडी लाजही लागते. पुडीला यातले काहीच लागत नाही. ती दप्तरात मावते. खाऊच्या पैशांत येते. तंबाखू आणि शाळकरी मूल यांच्यामध्ये जो विलंब होता, तो या पुडीने नाहीसा केला.

सुपारीचा एक वेगळाच परिणाम असतो. गालाच्या आतले अस्तर हळूहळू कडक होत जाते आणि जबडा उघडेनासा होतो. १९५२ मध्ये श्वार्ट्झ यांनी ही अवस्था केनियातील पाच भारतीय स्त्रियांमध्ये नोंदवली. १९५३ मध्ये डॉ. जोशी यांनी भारतातील रुग्णांवर लिहून तिला तंतुमयतेचे नाव दिले. त्या काळी ती दुर्मीळ नोंद होती. गुटख्यानंतर विशीतले तरुण दवाखान्यात येऊ लागले, ज्यांच्या तोंडात दोन बोटेही मावत नव्हती. वडापाव खाता येत नाही, ही अनेकांची पहिली तक्रार.

१९९० च्या दशकाच्या आरंभी डॉ. गुप्ता यांच्या चमूने मुंबई बेटावरील घरोघरी जाऊन पाहणी केली. मतदारयाद्या हाताशी घेतल्या, ३५ वर्षांवरील माणसे निवडली आणि उत्तरे जागच्या जागी हातात मावणाऱ्या संगणकांत भरली; त्या वर्षांत हे नवल होते. पहिल्या टप्प्यातील ९९,५९८ जणांत तंबाखू वापरणारे पुरुष निघाले ६९.३ टक्के. स्त्रिया ५७.५ टक्के.

दुसरा आकडा पुन्हा वाचावा. निम्म्याहून अधिक स्त्रिया, आणि जवळजवळ साऱ्या धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्या. मशेरी त्यात ठळक. या आकड्याला एक मर्यादा आहे आणि ती प्रामाणिकपणे नोंदलेली आहे : उच्चभ्रूंच्या इमारती पाहणीतून वगळाव्या लागल्या, कारण सुरक्षाव्यवस्थेमुळे तिथे प्रवेशच मिळेना. तेव्हा हे चित्र चाळींचे आणि वस्त्यांचे आहे, साऱ्या मुंबईचे नव्हे. पण तंबाखूविरोधी जाहिरातींत दिसणारा व्यसनी तेव्हाही पुरुषच होता. दाराआड मशेरी लावणारी बाई त्यात क्वचितच दिसे.

खरे तर कायद्याने एकदा मशेरीच्या कुळापर्यंत हात लांबवला होता. ३० एप्रिल १९९२ च्या अधिसूचनेने दंतमंजनात आणि टूथपेस्टमध्ये तंबाखू घालण्यास मनाई झाली आणि १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती मनाई उचलून धरली. गंमत अशी की २००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्याच्या परिशिष्टात तंबाखूजन्य पदार्थांची जी यादी आहे, तिच्यात ‘तंबाखूयुक्त दंतमंजन’ पुन्हा येऊन बसले. एका कायद्याने मारलेले दुसऱ्याच्या हजेरीपटावर जिवंत!

आता मुख्य नाटक.

नोव्हेंबर २००१ मध्ये तमिळनाडूने गुटख्यावर बंदी घातली. महाराष्ट्राची बंदी १ ऑगस्ट २००२ पासून, पाच वर्षांसाठी. आधार तोच, अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा. उत्पादक न्यायालयात गेले. खटल्याच्या शीर्षकातील नाव होते गोदावत पानमसाला.

ऑगस्ट २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्यांच्या बंद्या रद्द केल्या. गुटखा निरुपद्रवी आहे, असे न्यायालयाने म्हटले नव्हते. प्रश्न अधिकाराचा होता. ज्या कलमाखाली राज्याच्या अन्न अधिकाऱ्याने बंदी घातली, ते कलम तात्पुरत्या, निकडीच्या प्रसंगासाठी आहे. आरोग्याला अपायकारक म्हणून एखादा पदार्थ कायमचा हद्दपार करणे हे केंद्राचे काम. शिवाय तंबाखूसाठी २००३ चा स्वतंत्र कायदा आहे आणि विशेष कायदा सामान्य कायद्याला मागे सारतो. दोन वर्षे टपऱ्यांवरून उतरलेल्या माळा पुन्हा चढल्या.

कायद्याचा कीस म्हणून या निकालाकडे पाहून नाक मुरडणे सोपे आहे. पण त्यातील पेच खरा होता. २००३ च्या कायद्याने गुटखा ‘तंबाखूजन्य पदार्थ’ म्हणून यादीत घेतला आणि त्याची विक्री नियमांत बसवली : अठरा वर्षांखालील मुलांना नाही, शाळेपासून शंभर यार्डांत नाही. ज्याच्या विक्रीचे नियम संसदेने घालून दिले, ते विकणेच मना करण्याचा अधिकार राज्याच्या एका अधिकाऱ्याला असावा काय? (गोव्याने २००५ मध्ये वेगळी वाट काढली, तिथे विधानसभेनेच सार्वजनिक आरोग्य कायद्यात दुरुस्ती केली.)

दार उघडले ते अनपेक्षित बाजूने. अन्नभेसळीचा जुना कायदा जाऊन २००६ चा अन्नसुरक्षा व मानके कायदा आला आणि त्याचे नियम ऑगस्ट २०११ मध्ये लागू झाले. त्यांत २.३.४ या क्रमांकाचा एक छोटासा नियम आहे : कोणत्याही अन्नपदार्थात तंबाखू किंवा निकोटीन हा घटक म्हणून वापरता येणार नाही.

म्हणजे प्रश्न एवढाच उरला की गुटखा हे अन्न आहे काय? अन्न असेल, तर त्यात तंबाखू चालणार नाही, आणि तंबाखूवाचून तो गुटखा राहणार नाही.

सुपारीबद्दल हा प्रश्न आधीच सुटला होता. १९७० च्या दशकात प्यारअली तेजानी विरुद्ध महादेव दांगे या खटल्यात कृत्रिम गोडी घातलेल्या सुगंधी सुपारीवरून वाद झाला आणि न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी सुपारी हे अन्नच होय, असा निर्वाळा दिला. एका सुपारीवाल्याचा भेसळीचा खटला चाळीस वर्षांनी सार्वजनिक आरोग्याच्या कामी आला. उत्पादकांचे म्हणणे मात्र आता असे की गुटखा अन्न नव्हे, तो तंबाखूजन्य पदार्थ. हाच माल वर्षानुवर्षे अन्नभेसळ कायद्याखालील इशारा छापून विकला गेला होता, ही गोष्ट त्यांच्या सोयीची नव्हती.

१ एप्रिल २०१२ रोजी मध्य प्रदेशाने या नव्या नियमाच्या बळावर पहिली बंदी घातली. जुलै २०१२ मध्ये मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या कारकिर्दीत महाराष्ट्राने तोच निर्णय घेतला. अन्नसुरक्षा आयुक्त महेश झगडे यांचा आदेश १९ जुलैचा. त्यात गुटख्याबरोबर पानमसालाही होता. तंबाखू नसलेला पानमसाला कसा पकडला? नमुन्यांत मॅग्नेशियम कार्बोनेट सापडत होते, आणि तेही निषिद्ध. सप्टेंबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने बंदीला अंतरिम स्थगिती देण्यास नकार दिला. २०१३ च्या आदेशात सुगंधी तंबाखू, सुगंधी सुपारी, खर्रा आणि मावाही आले. विदर्भाच्या खर्र्याला शासकीय आदेशात स्थान मिळाले, हाही एक सन्मानच म्हणायचा.

बंदीची मुदत मात्र कायद्याने एक वर्षाची. आदेश दर वर्षी नव्याने काढावा लागतो.

इतर राज्यांत कंपन्यांनी दुसरी युक्ती काढली. पानमसाल्याची एक पुडी, शेजारी तंबाखूची दुसरी, आणि दोन्ही एकत्र करायचे काम गिऱ्हाइकाच्या तळहातावर. अन्नात तंबाखू नको ना? मग ती कंपनीने घातलेलीच नाही. सप्टेंबर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला या जोडपुड्यांची दखल घ्यावी लागली. महाराष्ट्रात पानमसाल्यावरच बंदी असल्याने ही युक्ती कायद्यात बसत नाही. इथे माल चोरून येतो, चढ्या भावाने विकला जातो आणि पकडला गेल्याच्या बातम्या नित्य येतात.

दरम्यान पुडीवरच्या चित्रांचीही एक कथा घडली. ३१ मे २००९ पासून तंबाखूच्या पाकिटांवर सचित्र इशारा आला. चघळण्याच्या तंबाखूसाठी चित्र निवडले गेले ते विंचवाचे! ज्या रुग्णालयांत कापलेल्या जबड्यांची रांग होती, त्या देशाने आपल्या नागरिकांना विंचू दाखवला. विंचू पाहून तंबाखू सोडणारा माणूस कोणी कल्पिला होता कोण जाणे. २०११ च्या अखेरीस त्याच्या जागी खऱ्या तोंडाच्या कर्करोगाची चित्रे आली आणि २०१६ पासून इशाऱ्याने पाकिटाचा ८५ टक्के भाग व्यापला. टाटा रुग्णालयाचे शल्यविशारद डॉ. पंकज चतुर्वेदी तंबाखूने चेहरा गमावलेल्या रुग्णांनाच राज्यकर्त्यांपुढे घेऊन जात होते. शरद पवार स्वतःच्या तोंडाच्या कर्करोगाविषयी जाहीरपणे बोलत आले. फेब्रुवारी २०१५ मध्ये माजी गृहमंत्री आर. आर. पाटील तोंडाच्या कर्करोगानेच गेले. तासगावकडच्या कित्येक घरांत त्या दिवशी चूल पेटली नाही.

बंदीचा उपयोग झाला का? २००९-१० च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातील २७.६ टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू वापरीत होते. २०१६-१७ मध्ये २४.४ टक्के. घट आहे, पण त्याच काळात देशाचा आकडा २५.९ वरून २१.४ वर आला, म्हणजे महाराष्ट्राहून अधिक घसरला. धूम्रपान करणारे राज्यात अवघे ३.८ टक्के उरले होते. महाराष्ट्राची तंबाखू तोंडात राहते, धुरात नाही; आणि गुटखा गेला तरी साधी पुडी, चुना व तळहात शिल्लक आहेत.

साध्या पुडीला हात का लागत नाही, याचे एक उत्तर सीमेपलीकडच्या निपाणीत आहे. १९८१ मध्ये शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तिथल्या तंबाखू उत्पादकांनी भावासाठी महामार्ग अडवला होता. आंदोलनाचा शेवट पोलिसांच्या गोळीबारात झाला आणि शेतकरी मेले. वखारीत तंबाखूची धूळ खात राबणाऱ्या बायका वेगळ्याच. तंबाखूवर सरसकट बंदीचा विचार करणाऱ्या कोणत्याही सरकारपुढे हा इतिहास उभा असतो. जागतिक तंबाखू नियंत्रण करारात पर्यायी उपजीविकेचे कलम आहे. भारताने तो करार फेब्रुवारी २००४ मध्ये स्वीकारला. त्या कलमाखाली निपाणीच्या शेतात काय पिकले, हा मात्र वेगळ्या थ्रेडचा विषय.

उरली मशेरी. २००४ मध्ये डॉ. गुप्ता आणि डॉ. श्रीविद्या यांनी मुंबईतील १२१७ गरोदर स्त्रियांचा अभ्यास ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध केला. धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्या स्त्रियांची बाळे सरासरी १०५ ग्रॅम कमी वजनाची होती आणि मुदतीआधी जन्मण्याचा धोकाही अधिक होता. या स्त्रियांतील बहुतेक मशेरी लावणाऱ्या होत्या. दात दुखतो म्हणून, पोट साफ होत नाही म्हणून, सासू लावते म्हणून सुरू झालेली सवय. दिवसातून एकदा, मग तीनदा, मग हाताशी डबी नसली तर जीव कासावीस.

मशेरी घरी भाजली जाते, म्हणून तिला पाकीट नाही. पाकीट नाही म्हणून चित्र नाही, कर नाही, परवाना नाही. अन्न निरीक्षकाने नमुना घ्यावा असे दुकान नाही. ती गिळायची नसते, म्हणून अन्नसुरक्षेच्या नियम २.३.४ शी तिचा संबंध नाही. ती विकत घेतली जाते तेव्हा ती नुसती साधी तंबाखू असते, आणि साधी तंबाखू वाकोल्याच्या टपरीवर आजही कायद्याने मिळते.